गरजेप्रमाणे डिजिटल कॅमेरा कसा निवडावा: जांबोटी भागातील एका गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एका गुरुजींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅमेऱ्यासाठी त्यांनी सत्तर हजार रुपये बाजूला काढले आहेत. गावाभोवतीच्या रानातील पक्षी, बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, शाळेचे स्नेहसंमेलन आणि घरचे कार्यक्रम त्यांना टिपायचे आहेत, आणि पुढेमागे ओळखीच्या लोकांच्या लग्नाच्या ऑर्डरी घेण्याचाही विचार आहे. पुतण्याचे म्हणणे आहे की जास्तीत जास्त मेगापिक्सेलचा (एक मेगापिक्सेल म्हणजे छायाचित्राचे दहा लाख ठिपके) कॅमेरा घ्यावा. दुकानदार म्हणतो की आता मिररलेसशिवाय (आत आरसा नसलेल्या नव्या धाटणीच्या कॅमेऱ्याशिवाय) दुसरे काही घेऊ नये. एक मित्र आपला निकॉन डी७२०० हा डीएसएलआर (आत आरसा असलेला जुन्या धाटणीचा कॅमेरा) १८–१४० एमएम लेन्ससह तीस हजारांत द्यायला तयार आहे. यांपैकी कोणाचे ऐकावे, असे त्यांनी विचारले आहे.

गुरुजी, तिघांचेही म्हणणे कुठे ना कुठे खरे आहे, पण तिघेही कॅमेऱ्यापासून सुरुवात करत आहेत आणि आपण सुरुवात छायाचित्रापासून करावी, असे मला मनापासून वाटते. बेळगावात लग्नसमारंभांचे छायाचित्रण हा माझा व्यवसाय आहे आणि मोकळा वेळ मिळाला की मी पश्चिमेच्या रानात पक्ष्यांसाठी जातो. या दोन्ही कामांत जे शिकलो त्यावरून सल्ला मागणाऱ्यांना मी तीनच गोष्टी विचारतो: छायाचित्र काढताना उजेड किती असेल, विषय आपल्यापासून किती अंतरावर असेल, आणि काढलेले छायाचित्र शेवटी कुठे पाहिले जाणार आहे. या तिन्हींची उत्तरे मिळाली की लेन्स ठरते, लेन्स ठरली की तिला साजेशी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, ठरते, आणि कंपनीचे नाव सर्वांत शेवटी येते. बाजारात हा क्रम बरोबर उलटा चालतो. त्यामुळे हातातील जवळजवळ सगळा पैसा नव्या बॉडीत जातो, लेन्स म्हणून सोबत मिळालेली किट लेन्सच उरते, आणि ज्या कामासाठी कॅमेरा घेतला तेच काम नेमके अडते.

घरातील बारसे, अंगणातील मुले, दिवसाउजेडी गोकाकचा धबधबा किंवा येळ्ळूरच्या राजहंसगडावरील सहल एवढेच टिपायचे असते आणि ती छायाचित्रे फोनवरच पाहायची असती, तर मी आपल्याला कॅमेरा घेऊच नका, असे सांगितले असते. आजचा चांगला फोन एका क्षणात अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र जुळवतो आणि उजेडातील स्थिर विषयाचे काम चोख करतो. तो कमी पडतो दोन ठिकाणी: विषय दूर असताना, आणि उजेड कमी असून विषय हलत असताना. आपल्या यादीतील पक्षी आणि मिरवणूक या नेमक्या त्याच दोन जागा आहेत, म्हणून आपल्याला कॅमेऱ्याची गरज खरी आहे.

आधी उजेडाचा विचार करू. बेळगावची शिवजयंती वैशाखात पारंपरिक पद्धतीने होते आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. रथावर प्रखर दिवे असतात, समोर ढोल-ताशा आणि लेझीमचे पथक अर्धवट अंधारात असते, आणि सगळे सतत हलत असते. अशा ठिकाणी लेझीम खेळणाऱ्याचा चेहरा स्पष्ट हवा असेल तर शटर, म्हणजे प्रकाश आत येण्याचा वेळ, निदान १/१२५ सेकंद तरी ठेवावे लागते आणि उड्या गोठवायच्या असतील तर १/२५० च्या पुढे जावे लागते. किट लेन्स झूम केल्यावर तिचे ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) एफ ५.६ पेक्षा मोठे उघडत नाही, तर साध्या ३५ किंवा ५० एमएमच्या प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या, लेन्सचे ॲपर्चर एफ १.८ पर्यंत उघडते. ॲपर्चरच्या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात प्रकाश बदलतो. त्यामुळे एफ १.८ ला एफ ५.६ च्या जवळपास दहापट प्रकाश आत येतो. याचा प्रत्यक्ष अर्थ असा की जिथे किट लेन्सला आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, १२८०० ठेवावा लागतो, तिथे प्राइम लेन्सवर त्याच शटरला आयएसओ १२५०–१६०० मध्ये काम होते. आयएसओ १२८०० वरील चेहऱ्यावर दाणे येतात, रंग फिके पडतात आणि भगव्या फेट्याची छटा मळकी दिसते. आयएसओ १६०० वर हे जवळजवळ जाणवत नाही.

येथे सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पटलाच्या, आकाराचा मुद्दा येतो, कारण दुकानात फुल फ्रेमचे नाव फार घेतले जाते. फुल फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा असतो. निकॉन, सोनी आणि फुजी यांचा एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा असतो आणि कॅननचा त्याहून किंचित लहान. क्षेत्रफळ पाहिले तर फुल फ्रेम एपीएस-सीच्या सुमारे २.४ पट भरतो. एकाच ॲपर्चरला तो तितकाच जास्त प्रकाश गोळा करतो, आणि हा फायदा निर्विवाद आहे. पण हिशेब पुढे नेला तर असे दिसते की एफ ४ ची लेन्स लावलेल्या फुल फ्रेम बॉडीपेक्षा एफ १.८ ची लेन्स लावलेली एपीएस-सी बॉडी त्याच शटरला सुमारे दुप्पट प्रकाश गोळा करते. म्हणजे महागड्या बॉडीवर बेताची लेन्स लावून जे साधत नाही ते बेताच्या बॉडीवर चांगली लेन्स लावून साधते, आणि तेही बऱ्याच कमी पैशांत. मर्यादित पैशांत कॅमेरा घेणाऱ्याने दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी एवढे अवश्य ठेवावे.

मिरवणुकीसाठी ३५ घ्यावी की ५०, हे गल्लीच्या रुंदीवर ठरते. चौकटीत किती रुंदी मावेल हे काढण्याचे गणित सोपे आहे: सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले लेन्सची फोकल लांबी (लेन्सच्या नावातील एमएमचा आकडा). एपीएस-सी बॉडीवर चार मीटरवरून ३५ एमएमला सुमारे २.७ मीटर रुंदी मिळते आणि ५० एमएमला १.९ मीटर. गर्दीने भरलेल्या खडे बाजारात किंवा मारुती गल्लीत मागे सरायला जागा नसते, म्हणून तेथे ३५ एमएम सोयीची पडते. ५० एमएम चेहऱ्यांसाठी सुंदर आहे, पण एपीएस-सीवर ती गल्लीत फार जवळची वाटते.

कॅमेऱ्यातील किंवा लेन्समधील स्टॅबिलायझेशनवर विसंबून वरचा हिशेब टाळता येईल, असा बऱ्याच जणांचा समज असतो. स्टॅबिलायझेशन आपला हात सांभाळते, समोरचा माणूस नव्हे. रात्रीच्या कपिलेश्वर मंदिराच्या शिखरासाठी ते फार उपयोगी आहे, ढोल वाजवणाऱ्या हातांसाठी त्याचा उपयोग नाही. दुसरी अडचण एलईडी दिव्यांची आहे. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे त्यावरील बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि त्याच्याशी न जुळणारे शटर वापरले तर एकापाठोपाठच्या छायाचित्रांत उजेड वेगवेगळा येतो किंवा आडवे पट्टे उमटतात. विषय फार हलत नसेल तेव्हा १/५० किंवा १/१०० शटर ठेवल्यास हा त्रास बहुतेक वेळा टळतो. पट्ट्यांची समस्या पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये (पडदा न हलता सेन्सरच छायाचित्र वाचून घेतो तेव्हा) सर्वांत जास्त दिसते, म्हणून ज्यांना मंगल कार्यालयात आणि मिरवणुकीत काम करायचे आहे त्यांनी यांत्रिक शटर असलेलीच बॉडी घ्यावी. सोनीच्या झेडव्ही-ई१०च्या दुसऱ्या आवृत्तीसारख्या काही नव्या, मुख्यतः व्हिडिओसाठी बनवलेल्या कॅमेऱ्यांत यांत्रिक शटरच नसते, आणि दुकानात ही गोष्ट आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आता अंतर. दांडेलीकडे आणि भीमगडच्या बाजूला दिसणारा मलबारी कवड्या धनेश चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ६५ सेंटिमीटर भरतो, आणि तो झाडाच्या शेंड्यावर बसला असेल तर आपल्यापासून सहज चाळीस मीटरवर असतो. वरचेच गणित लावले तर एपीएस-सी बॉडीवर ४०० एमएमला चाळीस मीटरवर २.३५ मीटर रुंदी मावते, म्हणजे धनेश चौकटीच्या रुंदीचा पाव भाग किंवा थोडा अधिक व्यापतो. २४ मेगापिक्सेलच्या छायाचित्रात एवढ्या भागाला सुमारे सोळाशे-सतराशे पिक्सेल मिळतात, आणि कापून घेतल्यावर छोटी प्रिंट चांगली निघते. ३०० एमएमला हाच आकडा साडेबाराशेच्या आसपास येतो, जो फोनवर किंवा संगणकावर पाहायला पुरेसा आहे. १४० एमएमला मात्र जेमतेम सहाशे पिक्सेल उरतात, आणि तो पक्षी धनेश आहे एवढे ओळखता येते, त्यापलीकडे फारसे काही नाही. मित्राच्या कॅमेऱ्यासोबतची १८–१४० लेन्स पक्ष्यांसाठी का पुरणार नाही, हे यावरून कळेल.

मोठी लेन्स घेतली की पक्ष्यांचा प्रश्न सुटला, असेही नाही. दाट झाडीत, विशेषतः पावसाळ्यात आणि पहाटे, उजेड इतका कमी असतो की पक्ष्यासाठी लागणारे १/५०० शटर परवडतच नाही. कॅननची आरएफ १००–४०० लेन्स अवघी ६३५ ग्रॅमची आहे आणि खांद्यावर घेऊन दिवसभर हिंडता येते, पण ४०० एमएमला तिचे ॲपर्चर एफ ८ असते. निकॉनची २००–५०० लेन्स शेवटपर्यंत एफ ५.६ ठेवते, म्हणजे दुप्पट प्रकाश देते, परंतु तिचे वजन २.३ किलो आहे आणि ट्रायपॉड किंवा मोनोपॉडशिवाय ती तासभर पेलणे कठीण जाते. या दोहोंत चूक-बरोबर काही नाही. जो माणूस चालत हिंडतो त्याला हलकी लेन्स हवी, आणि जो पाणवठ्यापाशी बसून राहतो त्याला मोठी चालते. माझे मत असे की आपल्यासारख्या रानालगत राहणाऱ्याने बसून वाट पाहण्याची सवय लावावी, कारण अंतर निम्मे केले की फोकल लांबी दुप्पट केल्याचा लाभ फुकट मिळतो. परसातील जास्वंदीवर येणारा दहा सेंटिमीटरचा शिंजीर पाच मीटरवर असेल, तर ३०० एमएमलाही तो चौकटीचा पाव भाग भरतो. शिवाय तो ठरावीक वेळी त्याच झुडपावर परत येतो, त्यामुळे उन्हाची दिशा पाहून आपल्याला आधीच जागा घेता येते.

केवळ पक्षी ओळखण्यासाठी आणि नोंद ठेवण्यासाठी छायाचित्र हवे असेल, तर निकॉन पी९५० सारखा सुपरझूम, म्हणजे खूप लांबवर झूम होणारी लेन्स जोडूनच असलेला, कॅमेरा वेगळ्या दृष्टीने पाहावा. फुल फ्रेमच्या हिशेबात त्याची पोच २००० एमएमपर्यंत आहे, जी वेगळ्या लेन्सने गाठायची तर खर्च कित्येक पटींनी वाढेल. परंतु त्याचा सेन्सर एपीएस-सीच्या सुमारे एक तेरांश एवढाच आहे, म्हणून भर उन्हात घटप्रभेच्या पाण्यावरील बगळा तो सुरेख टिपतो आणि सावलीतील तांबट पक्ष्यासाठी हात टेकतो. मिरवणुकीत तर तो चालणारच नाही. आपल्या यादीत मिरवणूक आहे, म्हणून तो आपल्यासाठी नव्हे.

तिसरा प्रश्न छायाचित्र शेवटी कुठे जाणार याचा, आणि पुतण्याच्या मेगापिक्सेलचे उत्तर त्यातच आहे. ए४ आकाराची ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपक्यांची) प्रिंट काढायला ८.७ मेगापिक्सेल पुरतात, आणि १२ बाय १८ इंचाच्या अल्बमच्या पानाला १९.४ लागतात. आपल्याकडे चौकाचौकात लागणाऱ्या मोठ्या फ्लेक्सना तर त्याहूनही कमी पुरतात, कारण फ्लेक्स लांबून पाहिला जातो आणि तो कमी डीपीआयवरच छापतात. गेल्या दहा वर्षांतील बहुतेक एपीएस-सी बॉडी २० ते २४ मेगापिक्सेलच्या आहेत. त्यापुढच्या मेगापिक्सेलसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण आपल्या यादीत मला दिसत नाही.

डीएसएलआर की मिररलेस, या वादात दुकानदाराचे म्हणणे उद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी आपल्या नव्या मिररलेस माउंटच्या (लेन्स बसते त्या बैठकीच्या) फुल फ्रेम बॉडी २०१८ मध्ये आणल्या आणि २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही. पुढील सगळ्या नव्या लेन्स मिररलेससाठीच येत आहेत. मिररलेसमध्ये डोळ्यावर आपोआप फोकस धरून ठेवण्याची सोय विलक्षण उपयोगी आहे, आणि व्ह्यूफाइंडरमध्येच (डोळा लावून पाहण्याच्या खिडकीतच) उजेड कमी-जास्त दिसत असल्यामुळे शिकणाऱ्याला शटर आणि ॲपर्चरचा संबंध लवकर उमगतो. परंतु जुन्या डीएसएलआरची छायाचित्रे आज घेतलेल्या नव्या कॅमेऱ्यामुळे वाईट होत नाहीत, आणि डीएसएलआरची बॅटरी चांगलीच टिकते. निकॉन डी७२०० ची बॅटरी प्रमाणित चाचणीत एका चार्जवर ११०० च्या पुढे छायाचित्रे देते, तर सुरुवातीच्या किमतीतील मिररलेस बॉडी साधारण तीनशे ते साडेचारशेवर थांबतात. रात्रभराच्या मिरवणुकीला मिररलेस घेऊन जायचे तर दोन जादा बॅटऱ्यांची किंमत सुरुवातीलाच धरावी. नवी मिररलेस घेणाऱ्याने व्ह्यूफाइंडर आहे का, हेही पाहावे. निकॉन झेड३० आणि सोनी झेडव्ही-ई१० यांना तो नाही, आणि दुपारच्या उन्हात पाठीमागच्या पडद्यावर पाहून उडता पक्षी पकडणे अशक्यप्राय आहे. कॅनन आर५० ला तो आहे, म्हणून सर्वसाधारण वापरासाठी मी या तिघांत आर५० ला पुढे ठेवतो.

स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण हा आपल्या यादीतील एकमेव विषय आहे जिथे डीएसएलआर खरोखर कमी पडतो. बहुतेक डीएसएलआर एका वेळी जास्तीत जास्त २९ मिनिटे ५९ सेकंदच चित्रीकरण करतात आणि नंतर थांबतात. मुलांचे नाटक ऐन रंगात असताना असे झाले तर पालकांना काय सांगणार? त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमानंतर रेकॉर्डिंग बंद करून पुन्हा सुरू करण्याची शिस्त ठेवावी लागते. डीएसएलआरमध्ये चित्रीकरण करताना फोकस पडद्यावरून धरावा लागतो आणि तो डी७२०० सारख्या बॉडीत संथ असतो, म्हणून ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून, रंगमंचावर फोकस एकदा हाताने जुळवून तो तसाच ठेवणे उत्तम. आवाजासाठी कॅमेऱ्याच्या माईकवर कधीही अवलंबून राहू नये. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वेगळ्या रेकॉर्डरवर किंवा फोनवर आवाज घ्यावा आणि मागाहून जुळवावा. वर्षातून एक-दोन कार्यक्रमांसाठी एवढे पुरते. व्हिडिओ हेच मुख्य काम असते, तर मी आपल्याला डीएसएलआरचे नावही काढू दिले नसते.

लग्नाच्या ऑर्डरींबाबत माझे मत ठाम आहे, आणि ते थोडे कठोर वाटले तरी चालेल. ज्या बॉडीत दोन मेमरी कार्डांची सोय नाही त्या बॉडीवर पैसे घेऊन लग्न करू नये. अक्षता एकदाच पडतात. कार्ड बिघडले आणि दुसऱ्या कार्डावर प्रत नसेल, तर त्या कुटुंबाचे नुकसान कोणत्याही रकमेने भरून निघत नाही. आर५०, झेडव्ही-ई१० आणि झेड३० या तिन्ही कॅमेऱ्यांत एकच कार्ड बसते. डी७२०० मध्ये दोन बसतात, आणि दुसऱ्या कार्डावर प्रत साठवण्याची सेटिंग त्यात आहे. याच कारणासाठी लग्नाचे काम करणारे पुढे निकॉन झेड५ किंवा सोनी ए७ थ्री यांसारख्या दोन कार्डांच्या फुल फ्रेम बॉडीकडे वळतात. याशिवाय वेगळा फ्लॅश, जादा बॅटरी आणि आपली बॉडी बंद पडलीच तर हाताशी दुसरी बॉडी, मग ती उसनी का असेना, हे सर्व असल्याशिवाय ऑर्डर घेऊ नये. पहिले वर्षभर एखाद्या अनुभवी छायाचित्रकाराबरोबर दुसरा माणूस म्हणून उभे राहावे, हे सगळ्यांत चांगले.

आपण राहता त्या भागाचा विचार कॅमेरा निवडताना करावाच लागतो, कारण जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात लेन्सचा खरा शत्रू थेंब नसून ओल असते. जूनपासून चार महिने भिंती ओलसर असतात, आणि हवेतील आर्द्रता बराच काळ ६० टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. तिचे तंतू स्वच्छ करता येतात, पण तिने काचेवरील लेप खाल्ला असेल तर तो परत येत नाही. कॅमेरा चामडी किंवा कापडी बॅगेत महिनोन् महिने ठेवणे हे बुरशीला आमंत्रणच ठरते. विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट चांगले असते, परंतु पावसात वीज वारंवार जाणाऱ्या गावात मी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यावर अधिक विश्वास ठेवतो. त्यात रंग बदलणारे सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवावा, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राखावी, आणि जेलचा रंग पालटला की ते तापवून पुन्हा वापरावे. तीसच्या खालीही जाऊ देऊ नये, कारण मग रबराचे भाग कोरडे पडतात. याचा खर्च काही शेकड्यांचाच असतो आणि तो कॅमेऱ्याच्या किमतीत पहिल्या दिवसापासून धरायला हवा. बॉडी पावसापासून सुरक्षित असल्याचे सांगितले जाते, तेव्हा लेन्सच्या बैठकीवर रबरी कडी आहे का हेही पाहावे, कारण पाणी तिथूनच शिरते. साध्या लेन्सवर पावसाळी आवरण चढवल्याशिवाय घाटात बाहेर काढू नये.

जिल्ह्याच्या पूर्वेला आणि उत्तरेला अडचण वेगळी आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर किंवा चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत उधळला जाणारा भंडारा इतका बारीक असतो की तो झूम लेन्सच्या सांध्यांतून आत जातो. अशा ठिकाणी एकच लेन्स लावून जावे आणि ती कितीही गरज वाटली तरी तेथे बदलू नये. सेन्सरवर बसलेली हळद फुंकरीने जात नाही.

आता मित्राच्या डी७२०० चे. हा कॅमेरा २०१५ सालचा आहे, पण २४ मेगापिक्सेल, दोन कार्डे, यांत्रिक शटर, फोकससाठी ५१ बिंदू आणि सेकंदाला सहा छायाचित्रे एवढे त्यात आहे, आणि आपल्या यादीतील चारपैकी तीन कामांना ते पुरते. त्याच्या शटरची चाचणी दीड लाख वेळांसाठी झालेली असते. आजवर किती वेळा शटर पडले हा आकडा कॅमेऱ्यातील ताज्या छायाचित्राच्या माहितीत नोंदलेला असतो, आणि तो साठ-सत्तर हजारांच्या आत असेल तर मी निर्धास्तपणे घ्यायला सांगेन. लाखाच्या पुढे असेल तर किंमत कमी करून मागावी. लेन्स काढून तिच्या मागच्या बाजूने टॉर्चचा उजेड टाकावा आणि कोळिष्टकासारखे तंतू दिसतात का ते पाहावे. लेन्स एफ १६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घ्यावे, म्हणजे सेन्सरवरील डाग दिसतील. दोन्ही कार्डांच्या खाचा, फ्लॅशची बैठक आणि मधला फोकस बिंदू प्रत्यक्ष वापरून पाहावा. मूळ बिल मागून घ्यावे आणि त्यावरील क्रमांक बॉडीवरच्या क्रमांकाशी जुळवावा. मित्र असला तरी हे केल्याने कोणाला वाईट वाटण्याचे कारण नाही.

हे सगळे व्यवस्थित निघाले तर तो घ्यावा आणि उरलेल्या चाळीस हजारांतून सर्वांत आधी निकॉनची ३५ एमएम एफ १.८ डीएक्स (एपीएस-सी बॉडीसाठीची) लेन्स घ्यावी, कारण तिच्यावर मिरवणूक, स्नेहसंमेलनातील छायाचित्रे आणि घरातील संध्याकाळचे कार्यक्रम हे तिन्ही निभावतात. त्यानंतर पक्ष्यांसाठी निकॉनची ७०–३०० एएफ-एस व्हीआर (एएफ-एस म्हणजे फोकसची मोटर लेन्समध्येच, व्हीआर म्हणजे स्टॅबिलायझेशन) सेकंडहँड पाहावी. लग्नसराई संपली की, म्हणजे ज्येष्ठाच्या शेवटी, बेळगाव आणि कोल्हापूर या दोन्हीकडचे छायाचित्रकार आपला जुना माल काढतात आणि तेव्हा निवड जास्त मिळते. लेन्स घेताना नावात एएफ-एस आहे की नुसते एएफ आणि डी, हे नीट वाचावे. डी७२०० च्या बॉडीत फोकसची मोटर असल्यामुळे डी प्रकारच्या जुन्या लेन्सही त्यावर चालतात आणि त्या स्वस्त असतात, परंतु पुढे निकॉनच्या झेड, म्हणजे मिररलेस, बॉडीवर ॲडॉप्टर (जुनी लेन्स जोडणारी कडी) लावून त्या वापरायच्या झाल्यास त्यांचा ऑटोफोकस चालत नाही. एएफ-एस लेन्सचा चालतो. आज थोडे जास्त देऊन एएफ-एस घेतली तर मिररलेसवर जाताना ती विकावी लागणार नाही.

मित्राचा कॅमेरा तपासणीत उतरला नाही, तर नवा आर५० किट लेन्ससह घ्यावा, सोबत एफ १.८ ची एक प्राइम घ्यावी, पक्ष्यांची लेन्स वर्षभर पुढे ढकलावी आणि लग्नाच्या ऑर्डरींचा विचार तूर्त सोडावा. नवा घेताना भारतातील वॉरंटीचे कार्ड, जीएसटीचे पक्के बिल आणि बेळगाव, कोल्हापूर किंवा हुबळी यांपैकी कुठे अधिकृत दुरुस्तीची सोय आहे, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावे. बिलाशिवाय दोन-चार हजारांनी स्वस्त मिळणारा माल घेऊ नये, कारण त्याची दुरुस्ती अडली की कोणीही जबाबदारी घेत नाही.